डासाच्या पोटातलं विरजण

माझी बायको पारू जाऊन आता पाच महिने होत आले. लोक अजून येतात. ओट्यावर बसतात, चहा पितात आणि मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलतात. चहा मी करतो. तो इतका भिकार असतो की पारूनं तो शेळीलाही पाजला नसता, पण लोक म्हणतात, झकास झालाय. मग म्हणतात, पारूबाई म्हणजे नुसती गाय होती, कधी कुणाला उलटून बोलली नाही. हे ऐकलं की मला वाटतं आपण दुसऱ्याच कुणाच्या दुखवट्याला बसलोय. पारू उलटं बोलायची, सुलटं बोलायची, आणि मधे दम खायला थांबली तर तेवढ्यात भांडी आपटून घ्यायची. तिच्याबद्दल खरं बोलला असता असा एकच माणूस माझ्या माहितीत होता, आणि तो तिच्या कितीतरी वर्षं आधी गेला. तुळशीराम सरवदे. आम्ही तात्या म्हणायचो. तिच्याबद्दल लिहायला बसलं की हात चालत नाही, म्हणून तात्यांबद्दल लिहितो. ती त्यात येईलच. ती मधे आली नाही असं आमच्या घरात काही घडलेलं नाही.

नव्वद सालानंतरची चार-पाच वर्षं म्हणा. मी तेव्हा हिवतापाच्या फवारणीवर होतो, हंगामी. पावसाळ्यात ते काम, बाकी वर्षभर दुसऱ्याच्या उसात. फवारणीला दोघं लागतात. एकानं बादलीत पंपाचा दट्ट्या मारायचा, दुसऱ्यानं नळी भिंतीवरून वरखाली फिरवायची, आणि झालं की दाराशेजारी गेरूनं तारीख टाकायची. औषधाला असा वास की घरातलं मांजर चार दिवस शेजारी राहायला जायचं. तात्या आमच्याच खात्यात, बारामतीच्या कचेरीत, पण कायम नोकरीचे. त्यांच्या हुद्द्याचं नाव 'कीटक समाहारक'. समाहारक म्हणजे गोळा करणारा. आम्ही डास मारायचे आणि तात्यांनी डास जिवंत धरायचे, मोजायचे, कोणत्या जातीचा ते लिहायचं, आणि मग सुईनं फाडून पोटात काय आहे ते बघायचं. एकाच खात्यात सरकार अशी एकमेकांच्या विरुद्ध माणसं ठेवतं, म्हणून खातं बंद पडत नाही.

एकदा कचेरीतल्या दारांवर पाट्या रंगवायला पेंटर आला. त्याच्या हातात हुद्द्यांची यादी दिली. त्याला वाटलं, समाहारक असलं काही नसतं, कारकुनाची चूक असणार. त्यानं आपल्या अकलेनं दुरुस्ती केली आणि तात्यांच्या दारावर तांबड्या अक्षरांत झोकात लिहिलं, 'कीटक संहारक'. आठ दिवसांत लोक यायला लागले. कुणी वाळवीचा वासा घेऊन, कुणी कपाशीची किडकी बोंडं घेऊन. इंदापूरकडची एक म्हातारी तर बैलगाडीतून आख्खी बाज घेऊन आली. बाजेत ढेकूण.

"संहार करा म्हणं ह्यांचा," ती म्हणाली.

"आजी, मी मारत न्हाय. मी धरतो," तात्या म्हणाले.

"मग धर की! समदं धर!"

तात्यांनी खरंच बाहेर येऊन उन्हात बाज उलटी केली, सुंभाच्या गाठीगाठीतून बसतील तेवढे ढेकूण नळीत धरले, आणि उरलेल्यांसाठी म्हातारीला उकळतं पाणी ओतायला सांगितलं. पाटी मात्र बदलू दिली नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "जन्मात एकदा तरी संहारक झालो."

त्यांची नळी म्हणजे हातभर काचेची, मागं रबर जोडलेलं, मधे मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा. रबर तोंडात धरायचं, डासाजवळ काच न्यायची, हळूच हवा ओढायची. डास काचेत. कापडाचा तुकडा फाटला असेल तर डास घशात. असं एकदा झालं तेव्हा तात्यांनी वहीत लिहिलं, 'एक डास गिळला, जात कळली नाही'. ते जे दिसेल ते सगळं लिहायचे. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "दिसलं तेवढं लिवायचं. वाटलं ते घरी बायकोला सांगायचं." त्यांची बायको ऐन तरुणपणी गेलेली. त्यामुळं त्यांना वाटलेलं सगळं ते पारूला सांगायचे.

डास बसलेला बघून लांबून ओळखायचे. "साधा डास भिंतीवर सरळ बसतो, बिचारा. हिवतापाचा बसतो ढुंगण वर करून, निवडून आल्यासारखा." स्वतःच्या हातावर डास बसला तरी आधी चष्मा कपाळावरून नाकावर घ्यायचे, वाकून बघायचे, "आपल्यातला न्हाय" म्हणायचे आणि मगच चापट मारायचे. तोवर डासाचं जेवण झालेलं असायचं.

हिवतापाचा डास दिवसा गोठ्यात विसावतो. त्यामुळं तात्यांचं सगळं आयुष्य गोठ्यांत गेलं. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि पोराला मॅट्रिक केलं. एकदा मी त्यांच्याबरोबर एका बड्या बागायतदाराकडं गेलो होतो. मालक दारातच आडवा उभा. घरात कशाला यायचं म्हणाला.

"घरात माझं काय काम न्हाय मालक," तात्या म्हणाले. "तुमच्यापरीस तुमची बैलं माणुसकीनं वागत्यात. मी तितंच जातो."

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "म्हादू, माझ्या बापाला जितवर येऊ देत व्हते तितवरच सरकारनं मला पगार देऊन धाडलंय." आणि मोठ्यानं हसले. मी हसलो नाही. तर म्हणाले, "हस की. माझा इनोद हाय, मला चालतो, तुला काय झालं?"

आमची वस्ती सांगवीच्या शिवारात, पाटाच्या खालच्या अंगाला. पाटाचं पाणी पाझरून डबकी साचायची. गोठ्यात एक गाय, एक म्हातारा बैल, दोन शेळ्या. महिन्यातून दोनदा तात्या तांबडं फुटताना सायकलवरून यायचे, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली बॅटरी, आणि गोठ्याच्या भिंतीला नाक लावून उभे राहायचे. धरलेले डास कापडाच्या पिंजऱ्यात घालून, वर ओलं फडकं टाकून आमच्या माजघरात ठेवायचे आणि पुढच्या वस्तीला जायचे. जाताना पिंजऱ्यात भिजवलेल्या मनुका ठेवायचे. डास मनुका चोखतात हे मलाही तेव्हा कळलं.

पहिल्यांदा पारूनं ते बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "माझ्या बाळंतपणात मला मनुका दिसल्या न्हाईत, आन् डासास्नी मनुका! एखादा जावई तरी करून घ्या त्यातला."

"जावई कसा करू पारूबाई? नर डास चावत न्हाय, रक्त पीत न्हाय. फुलातला रस पितो आन् गप बसतो. चावती ती बायको."

"म्हंजी नवरा बिनकामाचा हे डासातबी हायच म्हणा," असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. दोघं हसले. मी गप बसलो, रस न पिताच.

एका पावसाळ्यात तात्या सायकलच्या कॅरिअरला गोधडीत गुंडाळलेली दुर्बीण, म्हणजे सूक्ष्मदर्शक, बांधून आले. जात्यावर पाट ठेवला, पाटावर दुर्बीण, आणि मला बाजूला सारून आधी पारूला बोलावलं.

"बघा. हा पलीकडच्या वाडीतला डास. आठ दिवस शोधला तवा असला एक घावला. हे त्याचं आतडं. काय दिसतंय?"

पारूनं एक डोळा हातानं दाबून धरला. "जोंधळ्याचं कणीस. चार दाणं भरल्यात."

"ते दाणं न्हायत, तो हिवताप हाय. दाणा फुटला की त्यातनं जंतू निघत्यात, डासाच्या थुंकीत जाऊन बसत्यात, आन् डास चावला की माणसात. आता हा तुमच्या गोठ्यातला."

"हे पोचट हाय."

"पोचट!" तात्या जात्यावर हात आपटून म्हणाले. दुर्बीण हलली. "दोन पावसाळं मी तुमच्या गोठ्यातली पोटं फाडतोय. एकात दाणा न्हाय. आता ही तिसरी काच बघा, निळा रंग लावल्याली. आतड्यातला चिकटा हाय. काड्या काड्या दिसत्यात?"

"गच्च भरल्यात."

"ते दुसरं जंतू. साधं. कुणी घातलं न्हाईत, आपसूक आल्यात. पाण्यातनं आलं, शेणातनं आलं, मला ठावं न्हाय. पर ते जितं गच्च हायत तितं हिवताप धरत न्हाय असं दिसतंय. सवतीवाणी. आधीची घरात बसलीय, ती नवीला चूल पेटवू देत न्हाय."

"सवत कशाला काढताय सकाळ सकाळ," पारू म्हणाली. "इरजण म्हणा की. चांगलं इरजण आधी पडलं की दुधात दुसरं नासकं शिरत न्हाय."

तात्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. परत घातला. "चोवीस वरसं डासांची पोटं फाडतोय," म्हणाले, "आन् हा शब्द मला सुचला न्हाय."

त्या दिवसापासून ते त्याला विरजणच म्हणायचे. आणि मला पटवायचे. "म्हादू, तुझं औषध आज मारतं. उद्या डास त्याला सरावतो. परवा तुझ्याच पंपावर बसतो. पर त्याच्या पोटातच असलं इरजण घालता आलं, तर डास मारायचं कामच न्हाय. चावू दे. नुसतं चावणं काय, बायकाबी चावत्यात." मी म्हणायचो, मग आमच्या पंपाचं काय? तर म्हणायचे, पंपानं बैल धुवा.

कचेरीत वरच्या साहेबांना त्यांनी वह्या दाखवल्या. साहेब म्हणाले, "सरवदे, तुम्ही डास मोजा. त्यांची जेवणं मोजू नका." तात्यांची नोकरी संपायला तेव्हा वर्षही राहिलं नव्हतं. त्यांनी मग सुंदर अक्षरात पत्रं लिहायला सुरुवात केली. कुणाकुणाला लिहिली असतील देव जाणे, पण पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंचं उत्तर आलं. त्या स्वतः येणार होत्या. आमच्या गोठ्यातले जिवंत डास नेणार होत्या, तिथं त्यांची पोटं तपासणार होत्या. अट एकच. गोठा फवारलेला नसावा. फवारलेला असला तर हिवताप जंतूंनी अडवला की औषधानं, हे सांगता येणार नाही.

तात्या पत्र घेऊन थेट माझ्याकडं आले. पत्र चारदा घडी घातलेलं, चारदा उघडलेलं. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"म्हादू, सोमवारी बाईसाहेब येत्यात. तवर एकच गोठा सोड. समदा तालुका फवार, एवढा एक सोड."

"सोडला की तात्या. माझाच तर हाय."

त्याच आठवड्यात गुरुवारी आमची टोळी सांगवीच्या शिवारात आली. लोक वासाला कंटाळलेले, निम्मी घरं दारातूनच परत पाठवायची. सुपरवायझर नवा होता, डोकेबाज होता. म्हणाला, "महादू, तुझ्याच घरापासून सुरुवात कर. फवारणीवाल्यानंच घेतली म्हटल्यावर लोक कुठल्या तोंडानं नाही म्हणतील?" आणि तेवढ्यात हळूच जोडलं की कायम करायच्या माणसांची यादी वर जाणार आहे. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्यातून निघालं, "व्हय साहेब." घर फवारलं. गोठा फवारला. सुपरवायझर नळीकडं बघत उभा होता म्हणून कधी नव्हे ते कोपरेही सोडले नाहीत. गाय माझ्याकडं बघत होती. गेरूनं तारीख टाकली.

पारू खुरपायला गेली होती. बांधावरून येतानाच तिला वास आला. गोठ्यात गेली, बाहेर आली, पाटी खाली ठेवली.

"तात्याला काय सांगशील?"

"साहेब उभा व्हता."

"साहेब उभा व्हता. तू आडवा व्हतास व्हय?"

एवढंच बोलली. मला वाटलं आता भांडी येतील. भांडी आली नाहीत. तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. फवारणीचा खरा शत्रू डास नाही, बायका. आम्ही भिंतीला औषध मारून जातो आणि सणाच्या तोंडावर बायका त्यावर शेणानं सारवतात. औषध शेणाखाली जातं, वर ताजी भिंत, डास परत मजेत बसायला मोकळा. मी रोज घरी येऊन यावर शिव्या घालायचो. पारू ऐकून घ्यायची. शुक्रवारी मी दिवसभर कामाला इंदापूरच्या अंगाला गेलो होतो. घट बसायला अजून महिना होता. परत येऊन बघतो तर गोठा चारी बाजूंनी सारवलेला, गेरूची तारीखसुद्धा शेणाखाली. पारूचे हात कोपरापर्यंत हिरवे.

"सण कुठला?" मी विचारलं.

"तुझ्या अकलेचं तेरावं," ती म्हणाली.

सोमवारी बाई जीपमधून आल्या. बाई कसल्या, पोरगीच. पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यावर चष्मा. तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गोठ्यात बॅटरी फिरली आणि भिंतीवर डास होते! नेहमीइतके नव्हते, पण होते, ढुंगण वर करून. बाई खूश होऊन म्हणाल्या, "आहेत की सरवदे!" माझ्या जिवात जीव आला. तात्यांनी नळी तोंडात धरली, भिंतीजवळ गेले आणि थांबले. भिंतीवर तळवा टेकवला. तळव्याचा वास घेतला.

शेणाच्या वासातून खालचा वास फक्त त्यांनाच आला. बाईंना आला नव्हता. तात्यांनी वळून पारूकडं बघितलं. पारूनं त्यांच्याकडं बघून मान हलवली, अगदी एवढीशी. बोलू नका, अशी.

"बाईसाहेब, लिवून घ्या," तात्या म्हणाले. "गोठा फवारलेला. वर सारवलेला."

"कधी फवारला?"

तात्या माझ्याकडं बघत राहिले. "गुरुवारी," मी म्हणालो.

बाईंनी पेन काढलं, लिहिलं, आणि टोपण लावलं. "डास मी नेते सरवदे. जंतू आहेत का ते बघता येईल. पण तुम्ही म्हणता त्याचा पुरावा म्हणून हे धरता येणार नाहीत."

"नका धरू," तात्या म्हणाले. "पर न्या."

त्यांनी एकेक डास धरून दिला. जीप गेली. मग पारूचं तोंड सुटलं. "दोन पाट्या शेण घातलं मी! खांदं भरून आलं माझं! तुमाला गप बसाय काय झालतं? कोण बघाय आलतं?"

"पारूबाई, चोवीस वरसं दिसलं तेवढंच लिवलं. आता शेवटच्या पानावर वाटलं ते लिवू व्हय?"

माझ्याकडं वळले. मी मान खाली घालून उभा. मला वाटलं शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. "म्हादू," म्हणाले, "इतक्या वरसात तू एकदाच सरकारी काम नीट केलंस, आन् तेबी नेमकं माझ्या गोठ्यात."

आणि चहा न घेता निघाले. सायकल हातात धरून चालत निघाले. तिच्यावर बसायचं राहूनच गेलं त्यांचं. फाटा येईपर्यंत आम्हाला दिसत होते, चालतच होते.

पारू माझ्याशी बारा दिवस बोलली नाही. घरात तेवढी शांतता त्यानंतर आत्ताच झालीय.

पुढच्या चैत्रात तात्या निवृत्त झाले. कचेरीनं नारळ दिला, शाल दिली, आणि भाषणात त्यांना 'आपले लाडके संहारक' म्हटलं. पण आमच्याकडं यायचं त्यांनी थांबवलं नाही. आता पगार नव्हता, सरकारी नळी जमा झालेली. पुण्याच्या बाईंनी लिहिलं होतं की जंतू आहेत, चांगले भरपूर आहेत, न फवारलेल्या गोठ्यातले डास परत पाठवता आले तर बघू. तात्यांनी स्वतः काच तापवून, वाकवून नवी नळी केली. ती थोडी तिरकी झाली. मला ते काही बोलले नाहीत. परत गोठा सोड म्हणाले नाहीत. हे मला जास्त लागलं.

पावसाळ्यात टोळी आली. सुपरवायझर तोच. "चल, तुझ्या घरापासून," म्हणाला. ज्या घरातले लोक फवारू देत नाहीत त्यांच्या भिंतीवर आम्ही 'नकार' असं लिहून पुढं जातो. मी गेरू घेतला आणि माझ्या गोठ्यावर लिहिलं, नकार.

"तुझ्याच घरी?" तो म्हणाला. "अरे, लोक काय म्हणतील?"

"घरमालकीण न्हाय म्हणती."

पारू दारात खुरपं घेऊन उभी होती. त्यानं खुरप्याकडं बघितलं आणि पुढच्या वस्तीला निघाला. कायम करायच्या यादीत माझं नाव आलं नाही. एरवी आलं असतं का, ते मला माहीत नाही. दिसलं तेवढं लिहितोय.

त्या पावसाळ्यात तात्यांनी पुण्याला नेलेल्या डासांचं उत्तर यायला सात-आठ महिने लागले. तोवर तात्या नव्हते. पुण्याहून परस्पर सोलापूरला लेकाकडं गेले होते, तिथं झोपेतच गेले. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. उत्तर आमच्या पत्त्यावर आलं, कारण तात्यांनी तोच दिला होता. पत्र इंग्रजीत होतं, शाळेतल्या गुरुजींनी वाचून सांगितलं. बाईंनी लिहिलं होतं की या गोठ्यातल्या डासांच्या पोटातले जंतू आम्ही प्रयोगशाळेत वाढवले. ते ज्या डासांना दिले त्यांच्यात हिवतापाचे जंतू कमी वाढतात असं दिसलं, सगळ्यांत नाही पण पुष्कळांत. पुढं हिवताप आटोक्यात आणायला त्यांची मदत होऊ शकेल. आणि ते जंतू आम्ही इथं थंडीच्या पेटीत जपून ठेवले आहेत, कुपीवर 'पारूबाई' असं नाव आहे.

"होऊ शकेल म्हंजी?" पारूनं विचारलं. "व्हणार का न्हाय?"

गुरुजी म्हणाले, ते अजून त्यांनाही माहीत नाही.

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "दिसलं तेवढंच लिवलंय पोरीनं." आणि चुलीपुढं जाऊन बराच वेळ फुंकत बसली. चूल पेटलेलीच होती.

ते नाव कुपीवर कसं गेलं, ते शेवटचं सांगतो. तात्यांना आम्ही शेवटचं बघितलं ते तेव्हाच.

'नकार' लिहिल्यावर आठवडाभरानं तात्यांनी डास धरले आणि ते स्वतःच पुण्याला घेऊन निघाले. आम्ही दोघं त्यांना बारामतीच्या एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. सकाळची वेळ, गाडी लागलेली. थर्माकोलचं खोकं, आत पिंजरा, वर ओलं फडकं. तात्या मांडीवर खोकं घेऊन खिडकीशी बसले. कंडक्टर आला.

"आजोबा, खोक्यात काय?"

"डास."

"मेलेलं?"

"जिवंत."

"आरं बापरे! आन् सुटलं तर?"

"तुमच्या गाडीत आधीच हायत तेवढ्यात मिसळतील."

"ह्यांचं तिकीट?"

"मांडीवर बसणाऱ्याला तिकीट असतं व्हय?"

कंडक्टर हसत पुढं गेला. तात्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. खोक्यावर चिकटवायची होती. ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली, आणि खिडकीतून मला विचारलं, "गोठ्याचा मालक?"

"माझंच नाव लिवा की. मागल्या खेपेला लिवलंतं."

"मागल्या खेपेचं सोड. शेण कोण काढतं?"

"ती."

"सारवतं कोण?"

"तीच."

तात्यांनी लिहिलं. पारू खाली उभी राहून मान वर करून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं?" तिनं विचारलं.

"तुमचं नाव."

"माझं? डास काय माझं हायत व्हय?"

"मग कुणाचं?"

पारूनं खिडकीतून हात आत घातला आणि चिठ्ठीवर बोट फिरवलं, आपलं नाव कुठून कुठवर आहे ते बघायला. शाई ओली होती. बोटाला लागली.

गाडी सुरू झाली. तात्यांच्या बाजूनं ऊन आत येत होतं. "तात्या, त्यास्नी ऊन लागू देऊ नगा!" पारू ओरडली. तात्या उठले, खोकं पलीकडं सावलीत सरकवलं, आणि स्वतः उन्हात बसले. आमच्याकडं बघून मान हलवली. हात हलवला नाही, दोन्ही हात खोक्यावर होते. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली.

मी म्हटलं, चल. पारू हलेना. शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून तशीच उभी होती.